टाचणीची दोन भोकं

दप्तरखान्यात तिला सगळे खळमावशी म्हणत. फाटक्या कागदांना खळ लावून पातळ कागदाचा आधार द्यायचा, हे तिचं काम. हात मोठे शांत, पण जीव? एका जागी ठरेल तर शपथ!

त्याला कारणही तसंच होतं. नोकरीच्या सुरुवातीला एका जुन्या काळच्या लेखिकेचे कागद तिच्या टेबलावर आले. मुलींनी शिकावं म्हणून गावभर शिव्या खाल्लेली बाई. आपल्या लेखांवर ती चिठ्ठ्या टाचून ठेवायची. टाचण्या गंजून कागद खातात, म्हणून त्या आधी काढायच्या, असा नियम. खळमावशीने शहाण्या मुलीसारख्या सगळ्या काढल्या, चिठ्ठ्या एका पाकिटात घातल्या आणि कुठली कुठे होती याची खूण काही केली नाही. मग काय, बसली आयुष्यभर भोकाला भोक जुळवत! एकेक चिठ्ठी आपल्या पानावर परतली. एकच उरली. तिच्यावर लिहिलं होतं, ‘हा लेख माझा नाही. माझ्या जावेचा आहे.’

कुठला लेख? एका बाईचं श्रेय आपल्या हातून गेलं, या विचाराने तिला अन्न गोड लागेना. निवृत्ती तोंडावर आली, सत्काराला उत्तर म्हणून करायचं भाषण लिहून पर्समध्ये पडलं, तरी ही पेट्या उपसतेच आहे.

घरी थोरली जाऊ कातावायची. “तुझ्या पोरींच्या वेण्या मी घातल्या, त्यांच्या तापात मी जागले. आणि तू शोध दुसऱ्यांच्या जावा!”

शेवटी दप्तरखान्याच्या भिंती रंगवायला काढल्या. दारासमोरच्या भिंतीवरची काचेची चौकट उतरवताना काच तडकली आणि चौकट मावशीकडे आली. आत त्या लेखिकाबाईंचा सर्वांत गाजलेला लेख, टाचण्या काढल्यावर त्याच कागदांतून उचलून भिंतीवर लावलेला. शाळेत प्रत्येक मुलीने घोकलेला, मावशीनेही. त्याच्यावर कोण शंका घेणार? तिने कडेची पुठ्ठ्याची पट्टी उचलली. खाली कोपऱ्यात गंजाचा तांबूस डाग आणि दोन भोकं. चिठ्ठी त्यावर ठेवली. बरोबर बसली. मावशीही खुर्चीत मटकन बसली.

घरी येऊन चपला काढायच्या आधीच ती ओरडली, “सापडली, जाऊबाई! तो लेखच तिचा. आपण पाठ केलेला!”

भाजी निवडता निवडता जावेने वर पाहिलं. तिलाही खरंच आनंद झाला होता. “सुटलीस बाई एकदाची. काय नाव तिचं?”

मावशी दारातच थांबली. चिठ्ठीवर नाव नव्हतं. आणि इतक्या वर्षांत ते विचारायचं तिला एकदाही सुचलं नव्हतं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिने पर्समधून भाषण काढलं. शेवटी आभार होते. साहेबांचे नावानिशी, सहकाऱ्यांचे नावानिशी, आणि मग ‘घरच्यांचे’.

“जाऊबाई,” ती म्हणाली, “जरा पेन द्या.”