न उघडलेली घोडी

माझ्या कामात रोगी बरा होत नाही. माझ्याकडे येतो तोच मेलेला. जनावरांच्या साथीच्या रोगांवर संशोधन करण्यात माझी हयात गेली, म्हणजे मेलेल्या गाई-म्हशी नि कोंबड्या चिरण्यात गेली. पाहुणे विचारतात, ‘मग काही औषध शोधलंत का?’ डोंबलाचं औषध! कशाने मेलं तेवढं मी सांगते. मालक दाराशी ताटकळत असतो, मी हातमोजे काढून बाहेर येते, तो विचारतो, ‘काय निघालं?’ फुप्फुसात पू होता, यकृतावर गाठी होत्या, बाकीची जनावरं वेगळी बांधा. एवढंच माझं कसब, आणि तेवढ्यावर मी इतकी वर्षं स्वतःची समजूत काढत आले.

भिवंडीच्या घोडीपायी तेही गेलं.

जवळपासच्या एका घोड्याला ग्लँडर्स निघाला होता, म्हणून आम्ही वरातीच्या घोड्यांचं रक्त घेत फिरत होतो. हा रोग माणसाला लागला तर जिवावर बेततं. त्यामुळे जनावरावर उपचार करायचे नाहीत, त्याला मारायचं, असा नियम. घोडीवाल्या चाचांचा तबेला यंत्रमागाच्या कारखान्याला खेटून. घोडी त्या खडखडाटात वाढली म्हणून वरातीच्या बँडला बुजत नाही, हे ते दर वेळी नव्याने सांगायचे. घोडीही गुणी, सुई टोचली तरी कान हलवले नाहीत. रक्तात रोग निघाला. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच.

‘मॅडम, नाक बघा, सुकं हाय,’ चाचा म्हणाले. ‘अंगावर एक फोड न्हाय. चारा खाते, पानी पिते. बीमार कशी बोलता हिला?’

‘रोग आत लपून राहतो, चाचा.’

‘आत किधर? दाखवा.’

काय दाखवणार, कपाळ माझं! या रोगात मेलेलं जनावर उघडायचंच नसतं. जंतू हवेत उडतात, म्हणून आहे तसं पुरायचं. मी ते सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ घोडीच्या मानेवर हात फिरवत राहिले.

‘मशीनची गलती होत न्हाय का कधी?’

‘होते कधीतरी. पण दोनदा होणं कठीण.’

‘कठीण म्हंजे होते,’ ते म्हणाले.

मानकोलीच्या बाजूला गोदामांमागे पडीक जागा होती. तिथे जेसीबीने खड्डा काढला. चाचांनी तिला स्वतः चालवत आणलं. आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत, तोंडं झाकून उभे. ती एकदा आमच्याकडे बघून फुरफुरली आणि चाचांनी ‘बस, बस, मेरी बच्ची’ म्हणत तिला थोपटलं. इंजेक्शन माझ्या सहकाऱ्याने दिलं. ती खाली बसली, मग आडवी झाली. माझे हात शिवशिवत होते. एकदा, फक्त एकदा आत बघू द्या, असं ओरडावंसं वाटत होतं मला. तिच्यावर चुना पडला, माती पडली आणि जेसीबीवाल्याने वरून दाबून घेतलं.

आरोग्य खात्याच्या लोकांनी चाचांचं रक्त नेलं. त्यांचा रिपोर्ट स्वच्छ आला. खरं तर माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण तोच रिपोर्ट घेऊन आता चाचा जाब विचारायला येणार हे मला ठाऊक होतं.

आलेच. भांडायला आले असते तर बरं झालं असतं. खुर्चीच्या कडेवर टेकले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

‘मी तिच्या बाजूला खाट टाकून झोपायचो, मॅडम. तिचा श्वास माझ्या तोंडावर यायचा. मला काय झाला न्हाय.’

‘तसं होऊ शकतं, चाचा. प्रत्येकाला लागतोच असं नाही.’

‘ते ऱ्हाऊद्या. एकच सांगा.’ त्यांचा आवाज फाटला. ‘बीमार होती ना ती? मीच चालवत नेली तिला. होती ना बीमार?’

मी त्यांच्याकडे बघितलं. हा माणूस एकच शब्द मागत होता, आणि माझ्याकडे तो नव्हता.

‘होती,’ मी म्हणाले. ‘पक्की होती.’

चाचांनी डोळे मिटले. ‘शुक्र है,’ म्हणाले, ‘अल्ला का लाख लाख शुक्र है.’ आणि माझ्यासमोर ढसाढसा रडले.