उशिरा सुटलेली गोळी

रायपूर छत्तीसगडची राजधानी होऊन वर्ष होत आलं होतं. प्रजासत्ताक दिनाच्या परेडसाठी आम्हा कॉलेजच्या कॅडेट मुलींची निवड चालू होती आणि त्यासाठी नेमबाजीत पास होणं भाग होतं. सिलतऱ्याच्या कारखान्यांचा धूर दिसे अशा एका मैदानावर आम्ही रायफली घेऊन ओळीने पोटावर पडलो होतो. शिकवणाऱ्या हवालदारांना आम्ही उस्ताद म्हणायचो. त्यांनी घसा फोडून सांगितलं होतं, “घोडा दबाया और गोली नहीं चली, तो रायफल सामने ही रखना. मिसफायर हुआ तो गोली मरी हुई है. हँगफायर हुआ तो रुककर चलेगी. देखने में दोनों एक जैसे.”

“हव उस्ताद,” म्हणून आम्ही मोकळ्या झालो. दोन इंग्रजी शब्द पाठ झाले, संपलं आमचं शिक्षण.

शेजारच्या मैत्रिणीने घोडा दाबला. टक्. पुढे काहीच नाही. मग तिने आपण सगळेच करतो तेच केलं. बिघडलेली वस्तू शेजारणीला दाखवली. रायफलीसकट ती माझ्याकडे वळली.

“पाह्य ना वं, चालूनच नाही राहिली!”

मला नळीचं काळं भोक दिसलं. मग उस्तादांचा बूट. त्यांनी नळी पायाने जमिनीवर दाबली आणि गोळी सुटली. माझ्या कोपरापाशी माती उडाली. तिच्यावर चिडायचंही मला सुचेना. आत्ता मी मेले असते, एवढं एकच डोक्यात घुमत होतं.

घरी चकार शब्द काढला नाही. कळलं असतं तर परेड कायमची बंद झाली असती.

दिवाळीला बाबांनी अंगणात सुतळी बॉम्ब लावला. वात फुरफुरली आणि विझली. बाबा जरा थांबले, मग बघायला पुढे जाऊन वाकले. मी किंचाळत त्यांचा शर्ट धरून त्यांना मागे खेचलं. दोघंही धाडकन पडलो.

बॉम्ब उडालाच नाही. शेजारी हसले. बाबाही हसले.

“काहून रडून राहिली वं? फुसका होता न तो!”

“माझ्यावाली गोळी नव्हती फुसकी,” मी म्हणाले आणि हुंदके देत सगळं सांगून टाकलं. हसणं थांबलं. आईने हातातल्या फुलझड्या खाली टाकल्या आणि ती माझं डोकं दोन्ही हातांनी चाचपू लागली, लहानपणी मी पडले की चाचपायची तसं.