आपला आज्ञाधारक

नगरपालिकेच्या दारात अर्ज लिहिणाऱ्या आम्हा विद्वानांसमोर आज एक लेखणी सहीपाशी येऊन थबकली. प्रत्येक शब्द खराच मानणाऱ्या गोपाळला बाजारात झाडू विकायला जागा हवी होती.

"'आपला आज्ञाधारक' खोडा. मी साहेबांना ओळखत नाही."

रांग हसली, "येडंच आहे!"

"सही कर रे, जागा जाईल," सोबत आलेली त्याची आई कळवळली.

मी चिंतनात बुडालो. सहस्रावधी आज्ञाधारक मी स्वहस्ते निर्माण केले. पैकी एकानेही कुणाची आज्ञा पाळल्याचे ऐकिवात नाही, तथापि ते सारे शहाणे ठरले. मी ते शब्द खोडून 'अर्जदार' लिहिले. गोपाळने तत्काळ सही केली.

"साहेब येडा म्हणतील हो त्याला!"

"मला म्हणतील, बाई. अक्षर माझे आहे."