गळत्या स्लॅबचा दावा

आमच्या आचरे गावातल्या घराचं काम करणारा कंत्राटदार भिंतीवर बोटांनी टकटक करून डॉक्टरसारखा कान लावायचा. नवा स्लॅब गळला म्हणून मी शेवटचा हप्ता अडवला, तर त्याने घरावर बोजा चढवायला कोर्टात अर्ज केला. मीही वकील दिला. तरी आईला भेटायला तो यायचाच. "काकी, बरी आसस मा?" म्हणत चहा प्यायचा. त्याच्यावर धड रागावताही येईना.

सुनावणीत न्यायाधीशांनी विचारलं, "स्लॅब गळतो का?" त्याचा वकील नाही म्हणणार, तोच हा उठला.

"गळता, साहेब. काकीच्या अंथरुणार पाणी पडता. मी बघून इलंय."

त्याने अर्ज मागे घेतला. संध्याकाळी तो आमच्या गच्चीवर चढला, तेव्हा शिडी मी धरली होती.