बारा चौकटी, एक तडा

आमच्या संघटनेच्या पत्रकातलं पहिलं वाक्य आरोपाचं असतं. मी त्यातच वाढले. म्हणून त्या वेळीही मी आरोप आधी केला आणि कारण नंतर शोधलं.

मुद्दा साधा होता. कशेडीच्या अलीकडे, पोलादपूरच्या एका डोंगरावर शेळ्या-म्हशी राखणाऱ्यांची आठ घरांची वाडी आहे. घरांच्या वरच्या अंगाला जमिनीला तडा गेलाय आणि तो रुंदावतोय. पावसाळ्याआधी जाणकारांनी वर येऊन पाहणी करावी, एवढीच मागणी. पोलादपूरच्या तहसील कार्यालयाचं उत्तर ठरलेलं: "तडे सगळ्याच डोंगरांना असतात." अरे, असतात, पण ते वाढत जातात का, हे कोण बघणार?

वाडीतल्या एका काकूंनी बघितलं. दर अमावास्येला त्या वरच्या देवाला नारळ द्यायला जातात. वर्षभर त्यांनी जाता-जाता तड्यावर आपली राखणीची काठी आडवी ठेवली आणि मोबाइलवर फोटो काढला. काठीला वीत-वीत अंतरावर खाचा. पहिल्या फोटोत तडा एका खाचेच्या आत, बाराव्यात दुसरी खाच ओलांडून पुढे. हे बारा फोटो एका खिडकीत शेजारी-शेजारी दाखवणारा छोटा प्रोग्रॅम मी स्वतः लिहिला. घरी एक फोटो घालून पाहिला. झकास दिसला. पेन ड्राइव्ह खिशात टाकला आणि निघाले.

कार्यालयातल्या संगणकावर अकरा चौकटी करड्या, कोऱ्या. फक्त बारावा फोटो दिसत होता. म्हणजे तडा आहे एवढंच; वाढलाय याचा पुरावा शून्य.

"ताई, बाकीचा डोंगर घरी ठेवलात काय?" कारकून म्हणाला.

तहसीलदार साहेब हसले नाहीत. "सोमवारी या. पण तेव्हा दिसलं पाहिजे."

महाडला परतताना एसटीतच मी पत्रकाचा मथळा लिहिला: पुरावा कोरा करणारं कार्यालय! घरी येऊन माझ्याच लॅपटॉपवर बाराही फोटो घातले. पुन्हा अकरा कोऱ्या. कागद फाडला. स्वतःविरुद्ध पत्रक काढायची आमच्यात पद्धत नाही, नाहीतर तेही काढलं असतं.

मग दोन दिवस नुसती झटापट. फोटो लहान केले, त्यांचा प्रकार बदलला, स्क्रीनचं सॉफ्टवेअर नव्याने घातलं. चूक झाल्याचा एक संदेशही येत नव्हता. न बोलणाऱ्या अधिकाऱ्यापेक्षा न बोलणारा प्रोग्रॅम वाईट.

शनिवारी काकू बाजाराला पोलादपुरात उतरल्या. झेरॉक्सच्या दुकानात बाकावर बसून त्यांना सगळं लॅपटॉपवर दाखवलं. माझं लक्ष शेवटी काय उरतं याकडे. त्यांचं लक्ष पहिल्यापासून.

"परत लाव गो."

लावलं.

"समदे येतायत की! येक आला की आधीचा पळतोय."

"पळतोय?"

"डोळं हायत का नाय तुला? येकाच दाव्याला बारा शेळ्या बांधतीस काय गो? दुसरी बांधाया पयली सोडलीस, ती थांबंल व्हय?"

मी कोड उघडलं. अगदी तेच केलं होतं. बाराही फोटोंना आळीपाळीने एकच नाव दिलेलं. नवा फोटो आला की जुन्याला धरून ठेवणारं काही उरत नव्हतं, आणि ज्याला कुणी धरलेलं नाही ते चित्र प्रोग्रॅम केर समजून झाडून टाकतो. एकच फोटो होता तेव्हा म्हणूनच सगळं ठीक दिसलं. मी एक यादी केली, प्रत्येक फोटो तिच्यात वेगळा धरून ठेवला. दोन ओळींचं काम.

बाराही चौकटी भरल्या. काकूंनी चहा सांगितला, तोही मला न विचारता बिनसाखरेचा.

सोमवारी काकूही सोबत आल्या. त्याच संगणकावर, त्याच कारकुनासमोर बारा फोटो उभे राहिले. साहेब खुर्ची पुढे ओढून पहिल्यापासून बघत गेले. सहाव्याशी थांबले, मागे गेले, पुन्हा पुढे आले.

"घरं तड्यापासून किती लांब?"

"हाक मारली की ऐकू येतं इतक्यावर, सायेब," काकू म्हणाल्या.

साहेबांनी टेबलावरचं कॅलेंडर पुढे ओढलं. मग म्हणाले, "शुक्रवारी माणसं घेऊन येतो. मी स्वतः येतो."

मी तोंड उघडलं होतं, भांडायच्या तयारीने. ते मिटलं आणि पेन ड्राइव्ह काढून घेतला.

"गाडी रस्त्यालाच ठेवा," काकू म्हणाल्या. "म्होरं दीड तास चढण हाय. आन् ह्ये बूट घालू नका, सरकतील."

साहेबांनी टेबलाखाली वाकून बूट पाहिले आणि पाहणीच्या पत्रावर सही केली.