चिंगीचं पोट कोणी बांधलं?

कौसल्यामावशींचा आणि कुत्र्यांचा छत्तीसचा आकडा. आमची चिंगी त्यांच्या दारावरून गेली तरी त्या फिनेल टाकून गॅलरी पुसायच्या. परळच्या एका प्रसूतिगृहात त्यांनी चौतीस वर्षं आयाबाईची नोकरी केली. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तरी नायगावच्या आमच्या चाळीत कुणाला दिवस गेले की पहिली वर्दी मावशींना, मग नवऱ्याला.

म्हणून त्या रविवारी सकाळी दिवस भरलेली चिंगी पलंगाखाली शिरून धापा टाकायला लागली आणि तिचा डॉक्टर फोन उचलेना, तेव्हा मी मावशींचंच दार वाजवलं.

"माया, अगं मी बाळंतपणं बघितलीत, केली नाहीत," त्या म्हणाल्या. "आयाबाईने बाळाला हात लावायचा नसतो. गरम पाणी द्यायचं, फरशी पुसायची, बाहेर जाऊन नातेवाइकांना सांगायचं. संपलं."

बोलता बोलता पदर मात्र खोचून झाला होता.

आत येताच त्यांनी आमचं घर ताब्यात घेतलं. माझ्या नवऱ्याला, विकासला, गॅलरीत पिटाळलं. "पुरुषमाणसाचं इथे काय काम?" चिंगीला त्याची लाज वाटणार नाही, हे सांगायची विकासची छाती झाली नाही. मग पलंगापाशी बसकण मारून मावशी चिंगीला दटावू लागल्या, "आरडाओरडा करायचा नाही. कळ आली की जोर लाव. शाब्बास!" चिंगी बिचारी आधीपासूनच गप्प होती. आरडाओरडा काय तो मावशींचाच.

पहिली दोन पिल्लं चिंगीने स्वतःच चाटूनपुसून मोकळी केली. तिसरं आलं ते पातळ पिशवीत गुरफटलेलंच. चिंगी इतकी दमली होती की तिने मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. पिल्लू हलत नव्हतं. माझा हात पुढे होईना, मी सरळ रडायला लागले.

मावशींनी दाराकडे पाहिलं. आता कोणीतरी सिस्टर धावत येईल, अशी इतक्या वर्षांची सवय. मग स्वतःशीच म्हणाल्या, "इथे कोण येणार आहे?" आणि नखाने पिशवी फाडली. नाकतोंड पुसलं, पिल्लाला टॉवेलात घेऊन पाठ चोळायला लागल्या. चोळतच राहिल्या.

"रड की रे, मेल्या! रड!"

बराच वेळ काही नाही. मग अगदी बारीक 'कुईं' झालं. मी हसले, आणि मावशी हमसून हमसून रडल्या.

चौथं विनातक्रार आलं. मावशी डोळे पुसून गॅलरीत गेल्या आणि खड्या आवाजात जाहीर केलं, "चार झाली! बाळंतीण सुखरूप आहे!" सगळ्या मजल्याने टाळ्या वाजवल्या. विकास कोपऱ्यावरून पेढे घेऊन आला. मी चहा टाकला. इतका आनंद मला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता, खोटं कशाला बोलू?

पण चहा उकळेपर्यंत चारही पिल्लांनी एकच गलका केला. आईच्या पोटापाशी तोंडं खुपसायची आणि किंचाळायची. तिसरं तर पुन्हा मलूल पडायला लागलं. दूधच आलं नाही की काय? तेवढ्यात डॉक्टरचा व्हिडिओ कॉल आला. विकासने फोन चिंगीसमोर धरला.

"तिच्या पोटाला ते काय गुंडाळलंय?" डॉक्टरने विचारलं.

मी वाकून पाहिलं. मी चहात गुंतलेली असताना मावशींनी जुन्या सुती साडीची पट्टी चिंगीच्या पोटाला घट्ट आवळली होती.

"पोट बांधलंय," मावशी म्हणाल्या. "बाळंतिणीचं नको बांधायला? पोट सुटतं ना नंतर!"

"मावशी, तुम्ही खानावळीलाच कुलूप घातलंत! सोडा आधी!" डॉक्टर ओरडला.

विकास हसून हसून खाली बसला. मावशी लाजून चूर झाल्या, पण हात चालूच होते. पट्टी सुटली तशी तिघं तुटून पडली. तिसऱ्याला काही जागा सापडेना. मावशींनी त्याला उचललं, त्याचं तोंड नेमकं जागेवर लावलं आणि बोटाने धरून ठेवलं. ते चुटूचुटू प्यायला लागलं.

डॉक्टर फोनवर सगळं बघत होता. पिल्लू कसं वाचलं, ते विकासने त्याला सांगितलं.

"वा! तुम्ही नर्स का?"

"नाही हो, आया," मावशी म्हणाल्या. पिल्लावरून त्यांची नजर हलली नव्हती. "पण हे माझ्या हातचं आहे."