तिकिटावरची सभा

माझ्या धाकट्या मामांइतका गोंधळलेला आणि त्या गोंधळावर इतकं मनापासून प्रेम करणारा माणूस अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात सापडणार नाही. रनाळ्यात मिरचीची शेती करता करता त्यांना एकच नाद लागला: चार माणसं कुठेही बसली, की उठताना त्यांनी काय ठरवलं हे विचारायचं. माझ्या साखरपुड्यात अंगठ्या घालून झाल्या, पंगती उठल्या, तेव्हा मामांनी भर मांडवात विचारलं, "मंग ठरनं काय?" माझे होणारे सासरे पांढरेफटक पडले. त्यांना वाटलं, आमच्याकडून काही मागणी राहून गेली.

मामांचा मोबाइलवर विश्वास नाही, म्हणून मी नाशिकहून त्यांना पत्र लिहितो. मागच्या वर्षी पोस्टातल्या बाईंनी शिल्लक साठ्यातलं एक जुनं तिकीट दिलं. जगभरातले खासदार दिल्लीत परिषदेला जमले होते, त्याची आठवण म्हणून काढलेलं. पत्रात मी तब्येतीची चौकशी केली होती. उत्तरात तब्येतीबद्दल अक्षरही नव्हतं. इतक्या देशांची माणसं एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलली, जेवायला भाकरी होती की पोळी, आणि ठरलं काय, एवढंच विचारलं होतं. खाली ओळ होती: असंच एक कोरं तिकीट पाठव.

मी पाठवलं. ते कशासाठी हवं होतं, हे मला गावी गेल्यावर मामींनी सांगितलं. मोठे मामा समोरच राहतात, मध्ये फक्त अंगण. त्या अंगणात मिरची कोणी कुठवर वाळत घालायची, यावरून दोघा भावांचं बोलणं अकरा वर्षं बंद होतं. मामांनी ते तिकीट लावून समोरच्या घराला पत्र टाकलं: रविवारी सकाळी सभा आहे, यावे. बारा पावलांवरचं ते पत्र नंदुरबारला जाऊन चौथ्या दिवशी समोरच्या घरी पोचलं.

रविवारी मोठे मामा पाकीट हातात धरून दारात उभे राहिले. "हाई काय शे?"

"सभा शे. बैस."

"आनि हाई तिकीट कसानं?"

मामांनी भिंग काढलं. मग दोघं तिकिटावर वाकले. परिषदेत प्रत्येकाच्या कानात यंत्र असतं, त्यातून आपापली भाषा ऐकू येते, हे मी पत्रात कळवलेलं मामांनी समजावलं. मोठ्या मामांनी विचारलं, "मंग त्या भांडतस कोनती भाषामा?" मामांनी भिंग पुन्हा तिकिटावर धरलं. चहा निवला, मामींनी दुसरा केला, तोही निवला. मिरचीचा विषय कोणी काढलाच नाही. आपण नेमके कशावर भांडलो होतो, याबद्दल दोघांची मतं आता वेगळी आहेत, असं मामी म्हणाल्या.

हल्ली मोठ्या मामांना फारसं ऐकू येत नाही. परवा गेलो तेव्हा मामा त्यांच्या खाटेवर बसून, त्यातल्या त्यात बऱ्या कानाशी तोंड नेऊन पेपर वाचत होते. मोठे मामा भलत्याच जागी मान डोलवत होते, आणि प्रत्येक वेळी मामा थांबून तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचत होते.